ध चा मा कोणी केला?

'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार मराठीतून हद्दपार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आता लगेच काही मंडळी म्हणतील, बाईंना आज दुसरं काही सुचलेलं दिसत नाही. सुचलं होतं हो. पण गेले तीन आठवडे मी कपाटातल्या ऐतिहासिक कादंबऱ्या एकामागून एक पुन्हा वाचून काढल्या आणि डोकं तापलंय. ते इथेच थंड करावं म्हणते.

तर गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. रघुनाथरावांनी गारद्यांना चिठ्ठी लिहिली, 'नारायणरावास धरावे'. आनंदीबाईने त्यातल्या ध चा मा केला. झालं 'मारावे'. मग ३० ऑगस्ट १७७३ चा तो दिवस, शनिवारवाडा, 'काका मला वाचवा' आणि अठरा वर्षांच्या पेशव्याचा खून. बिचाऱ्या काकांना नुसतं धरायचंच होतं! सगळा घात केला तो बायकोने. शाळेत बाईंनी हेच सांगितलं, शनिवारवाड्यावर हेच ऐकवतात, नाटक-सिनेमात हेच दाखवतात. प्रभातच्या 'रामशास्त्री'त (१९४४) आनंदीबाईचं काम ललिता पवारांनी केलं होतं, यातच सगळं आलं.

आता जरा थांबा आणि विचार करा. ज्या रामशास्त्र्यांनी या खुनाची चौकशी केली, त्यांनी दोषी कोणाला धरलं? रघुनाथरावांना. तोंडावर सांगितलं आणि पुणं सोडून निघून गेले. न्यायाधीशाने नवऱ्याला दोषी ठरवलं आणि शिक्षा भाषेने बायकोला दिली. अडीचशे वर्षं झाली, ती अजून भोगते आहे. ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला त्यात ही अक्षरबदलाची गोष्ट दिली आहे, पण लोकांमधला समज म्हणून. घटनेला तोपर्यंत ५३ वर्षं उलटून गेली होती. त्यानंतर समजाचं सत्य कधी झालं आणि सत्याचा वाक्प्रचार कधी झाला, कोणाला कळलंही नाही. शिवाय त्या काळची चिठ्ठीचपाटी मोडीत चालायची. आपण मात्र बाळबोध पाटीवरचा ध आणि मा डोळ्यांसमोर आणून म्हणतो, हो हो, सहज होण्यासारखं आहे!

माझा मुद्दा आनंदीबाई निर्दोष होती असा नाही. तिला बहुधा सगळं माहीत होतं. तिला पेशवाई नवऱ्याकडे यायला हवी होती, हेही उघड आहे. माझं म्हणणं इतकंच आहे की आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत आणि नाटकांत सत्तेची हाव ही एकच गोष्ट दोन नावांनी वावरते. पुरुषाला असली की महत्त्वाकांक्षा, मुत्सद्देगिरी, फार तर मोह. बाईला असली की कारस्थान.

पटत नाही? चला, दरबारात जाऊ.

१७६१ च्या जूनमध्ये नानासाहेब पेशवे गेले. पानिपतावर विश्वासराव आणि भाऊसाहेब आधीच गेलेले. उरला कोण? सोळा वर्षांचा माधवराव आणि त्याचा सव्वीस वर्षांचा काका, ज्याच्या फौजेने तीन वर्षांपूर्वीच अटकेपर्यंत धडक मारली होती. पेशवाई म्हणजे राज्य नव्हे, ते छत्रपतींनी वस्त्रं देऊन नेमलेलं पद. बाळाजी विश्वनाथांना १७१३ मध्ये मिळालं, १७२० मध्ये बाजीरावांना, १७४० मध्ये नानासाहेबांना. दोन वेळा बापामागून मुलाला मिळालं म्हणून वहिवाट पडली, इतकंच. भाऊ लहान पुतण्याच्या आधी की नंतर, याचा कागदावर कायदा कुठे होता? रघुनाथरावांना वाटलं आपला हक्क आहे, तर त्यात वेडेपणा काहीच नव्हता. १७६२ मध्ये काका-पुतण्याची लढाई झाली, माधवराव स्वतः होऊन काकाच्या स्वाधीन झाले. १७६३ मध्ये राक्षसभुवनावर दोघं मिळून निजामाशी लढले. १७६८ मध्ये धोडपला पुन्हा लढाई, काका हरला आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत पडला. नोव्हेंबर १७७२ मध्ये माधवराव थेऊरला गेले, नारायणराव पेशवा झाला, आणि काही महिन्यांत काका पुन्हा कैदेत.

आता सांगा, एवढ्या सगळ्या रामायणात आनंदीबाईने काय केलं म्हणून अकरा वर्षं भांडण चाललं? काहीच करायची गरज नव्हती. भांडण पदाचं होतं, दौलतीच्या वाटणीचं होतं, मोहिमांच्या कर्जाचं होतं. गारदी हे पोटार्थी पगारी शिपाई, तनखा तुंबला की वाड्यात गोंधळ घालणारे. ते त्या दुपारी आत शिरले ते थकलेल्या पगाराची ओरड करतच शिरले, असं सांगतात. सुमेरसिंग गारद्याला पैसे हवे होते. तुळाजी पवाराच्या मनात वेगळीच आग होती. मधे पडलेला चापाजी टिळेकर जिवाला मुकला, वाड्यातली इतरही माणसं मेली. म्हणजे पैशाने माणसं फुटलेली, पहारे ढिले, कारभारी दुफळीत वाटलेले, आणि कैदेतला काका सुटायला आतुर. हे सगळं लिहायचं तर कष्ट पडतात. त्यापेक्षा एक बाई, एक दौत, एक बोरू. काम झालं!

आणि यात फायदा कोणाचा होतो बघा. 'ध चा मा' मुळे रघुनाथराव सुटतात. ते मग भोळे, शूर, पण बायकोच्या मुठीतले होतात. अटकेवर धडक मारणारा माणूस, निजामाशी आणि स्वतःच्या पुतण्याशी लढणारा माणूस, मार्च १७७५ मध्ये इंग्रजांशी सुरतेचा तह करून साष्टी आणि वसई त्यांच्या पदरात टाकायला तयार झालेला माणूस, आणि त्याला स्वतःची अक्कल नव्हती? सगळं बायको ठरवत होती? हा त्या माणसाचाही अपमान आहे. पण असा अपमान चालतो आपल्याला. त्यात सोय आहे ना.

आता दुसरी बाजू. खून झाल्यावर पुढे काय झालं? सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके वगैरे बारभाई एकत्र आले. नारायणरावाची बायको गंगाबाई गरोदर होती, तिला पुरंदरावर नेलं. १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवराव जन्मला आणि चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. या बाळाच्या नावाने नाना फडणीसांनी वीस वर्षांहून जास्त कारभार हाकला. कशाच्या जोरावर? तर फडावर, म्हणजे हिशेबाच्या वह्यांवर त्यांची पकड होती. कोणाचं किती येणं, कोणाचा सरंजाम किती, कोणाची फिरवाफिरव कुठे, सगळं एका माणसाच्या डोक्यात. १७९५ च्या ऑक्टोबरात एकवीस वर्षांचा पेशवा शनिवारवाड्यातून खाली पडून गेला. अपघात की आत्महत्या, वाद आजही आहे. एक तरुण मुलगा उभं आयुष्य कोणाच्या तरी पहाऱ्यात वाढला, पण त्यावरून मराठीत एखादा वाक्प्रचार पडलाय का? नाही. नाना म्हणजे शहाणे, मुत्सद्दी. तेंडुलकरांनी १९७२ मध्ये 'घाशीराम कोतवाल'मध्ये नानांचं वेगळं रूप रंगवलं तर केवढा गदारोळ झाला होता! नानांची बदनामी झाली म्हणून माणसं रस्त्यावर आली. बरोबरच आहे, ज्याला पटत नाही त्याने बोलावं. पण आनंदीबाईसाठी कोणी रस्त्यावर आल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

मला नाना लहान करायचे नाहीत. ते नसते तर त्या वेळी पेशवाई टिकली नसती, हे मान्यच. माझा सवाल मापाचा आहे. आपल्या पोराला गादी मिळावी, नवऱ्याला पद मिळावं म्हणून बाई झटली तर ती कैकेयी, आणि दुसऱ्याच्या पोराला मांडीवर घेऊन राज्य चालवलं तर तो राजनीतिज्ञ? तराजू एकच ठेवा की.

हेच रायगडावर. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला तेव्हा सोयराबाई पट्टराणी म्हणून बसली होती. ३ एप्रिल १६८० ला महाराज गेले तेव्हा संभाजीराजे पन्हाळ्यावर, आणि गडावर सोयराबाई व तिचा दहा वर्षांचा मुलगा राजाराम. त्याच महिन्यात राजारामाला गादीवर बसवलं. कोणी? एकट्या सोयराबाईने? अण्णाजी दत्तो आणि मोरोपंत यांच्यासारखे मोठमोठे कारभारी त्यात होते. त्यांचं युवराजाशी आधीपासून बिनसलेलं होतं. संभाजीराजे १६७८ च्या अखेरीस दिलेरखानाकडे गेले होते आणि वर्षभराने परत आले होते, ही गोष्टही कारभाऱ्यांच्या हातात आयती होती. आणि गंमत म्हणजे तिचा सख्खा भाऊ, सरसेनापती हंबीरराव मोहिते, भाच्याच्या नव्हे तर संभाजीराजांच्या बाजूने उभा राहिला. तिथेच डाव संपला. याला म्हणतात राजकारण! फौज कोणाकडे, खजिना कोणाकडे, किल्ल्याच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला. पण नाटक-कादंबरीत काय उरतं? सवतीमत्सर. सावत्र आई. विषाचा पेला. १६८१ मध्ये सोयराबाईचा अंत झाला, तो नेमका कसा यावर एकमत नाही. पण तिने महाराजांवर विषप्रयोग केला ही वदंता मात्र पिढ्यानपिढ्या चवीने सांगितली गेली.

यातली सगळ्यात बोलकी गोष्ट पुढे आहे. संभाजीराजांनी १६८० मध्येच बाकरे शास्त्र्यांना दिलेलं एक संस्कृत दानपत्र आहे. त्यात सावत्र आईचं मन निर्मळ होतं, कारभाऱ्यांनी तिला भरीस घातलं, अशा अर्थाचा उल्लेख आहे. ज्याची गादी जात होती, त्याने तिच्याबद्दल जेवढी माणुसकी दाखवली तेवढी आपल्या लेखकांना तीनशे वर्षांनी दाखवता येत नाही! पण खरं सांगू, मला त्या दानपत्रानेही पूर्ण समाधान होत नाही. कारण तिथेही बाई एक तर निर्मळ आणि फसलेली. म्हणजे बाईला दोनच जागा, विखारी नाही तर भोळी. 'तिला राज्य हवं होतं, तिने हिशेब मांडला, तो चुकला' असं साधं वाक्य तिच्या वाट्याला येतच नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' सिनेमा आला. त्यात गणोजी आणि कान्होजी शिर्क्यांना फितूर दाखवल्यावरून शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्याच सिनेमात सोयराबाईही कटवालीच होती. पुरुषाची बदनामी झाली की त्याच्यामागे कूळ उभं राहतं. बाईच्या मागे कोण राहणार? माहेरचे म्हणणार, आम्ही दिलेली. सासरचे म्हणणार, बाहेरून आलेली.

आता तुम्ही म्हणाल, 'अगं, कादंबरी आहे ती, इतिहास नव्हे. कशाला एवढं मनावर घेतेस?'

घेते. कारण कादंबरी कपाटात राहत नाही, ती घरात फिरते. आमच्याच नात्यातली गोष्ट सांगते, नावगाव सांगत नाही. वडिलोपार्जित जमिनीचा विषय निघाला. एका बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवलं गेलं. तिने सही करण्याआधी सातबारा बघायला मागितला. हिस्सा नव्हे हं, नुसता उतारा बघायला. तर एक ज्येष्ठ गृहस्थ हसत हसत म्हणाले, 'आल्या आमच्या वाड्यात आनंदीबाई!' सगळे हसले. तीही हसली आणि सही केली. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला १९९४ मध्ये, सगळ्या देशात तो आला २००५ मध्ये. पण कायदा एका बाजूला आणि एक शब्द दुसऱ्या बाजूला, तर शब्द जिंकला. ज्या भावाने त्याआधीच दोन गुंठे परस्पर स्वतःच्या नावावर करून घेतले होते, त्याला सगळे 'व्यवहारी' म्हणतात. ध चा मा कोणी केला, सांगा आता.

(ज्यांना हा परिच्छेद लागायचा त्यांना लागेल. फोन केलात तरी चालेल, मी हेच बोलेन.)

याच कादंबऱ्यांत चांगल्या बाईचं चित्र कसं असतं तेही पाहा. रणजित देसाईंच्या 'स्वामी'वर माझ्या आईच्या पिढीने जीव टाकला. १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला, पुढे १९८७ मध्ये दूरदर्शनवर मालिका आली तेव्हा घरोघरी रमाबाईसाठी डोळे पुसले गेले. मीही पुसले, भाषा आहेच तशी गोड. पण रमाबाई कोण? जिने कधी काही मागितलं नाही आणि शेवटी नवऱ्याबरोबर चितेवर गेली ती. मागितलं नाही म्हणून ती देवी, मागितलं म्हणून आनंदीबाई डाकीण. मधल्या सगळ्या बायका कुठे गेल्या?

त्या होत्या हो इतिहासात! ताराबाईच घ्या. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर गेले तेव्हा ही पंचविशीतली. पुढची सात वर्षं तिने औरंगजेबाच्या विरुद्ध लढाई चालू ठेवली. तोपर्यंत ती रणरागिणी. १७०७ मध्ये औरंगजेब मेला, मोगलांनी शाहूला सोडलं, आणि ताराबाई म्हणाली, हे राज्य माझ्या नवऱ्याने पुन्हा उभं केलं, ते माझ्या मुलाचं. बरोबर की चूक ते सोडा, पण हा रोखठोक राजकीय दावा होता. ऑक्टोबरात खेडला लढाई झाली, धनाजी जाधव शाहूकडे गेले, ती हरली. त्याच क्षणी रणरागिणीची 'सत्तालोभी' झाली. बाई तीच, हिंमत तीच, हट्टही तोच. फक्त समोर औरंगजेबाऐवजी घरचा पुरुष आला. पुढे तिने कोल्हापूरची गादी मांडली, १७१४ मध्ये सवतीने, राजसबाईने, ती उलथवली आणि तिला कैदेत टाकलं. १७५० मध्ये पंचाहत्तरीत तिने रामराजाला साताऱ्याच्या किल्ल्यात कोंडून खुद्द नानासाहेब पेशव्यांची झोप उडवली. डिसेंबर १७६१ मध्ये मेली. कादंबरीकारांनो, यापेक्षा मोठी नायिका कुठे मिळणार तुम्हाला? पण तिला पूर्ण रंगवायचं तर महत्त्वाकांक्षा हा शब्द बाईसाठी न लाजता वापरावा लागेल.

आणि हे जमत नाही असं कोणी म्हणू नये. ना. सं. इनामदारांनी जमवून दाखवलं, पण पुरुषांच्या बाबतीत. 'मंत्रावेगळा'त त्यांनी दुसऱ्या बाजीरावाला उभं केलं, 'झेप'मध्ये त्रिंबकजी डेंगळ्यांना, 'झुंज'मध्ये यशवंतराव होळकरांना. इतिहासाने ज्यांना पळपुटे, लुटारू, खुनशी म्हणून कोपऱ्यात उभं केलं होतं त्यांची बाजू ऐकून घेतली. मला ते फार मोठं काम वाटतं. दुसरा बाजीराव कोणाचा मुलगा? आनंदीबाईचाच. जानेवारी १७७५ मध्ये धारच्या किल्ल्यात जन्मलेला, लहानपण नजरकैदेत गेलेलं. त्या मुलाची वकिली करायला मराठीला एवढा मोठा लेखक मिळाला. त्याच्या आईच्या वाट्याला एक वाक्प्रचार आला.

म्हणून मागणं एवढंच आहे. आनंदीबाईची आरती नको, पुतळा नको, जयंती तर मुळीच नको (आधीच कमी आहेत का!). तिला खुनाच्या कटात सामील दाखवायचं असेल तर खुशाल दाखवा. पण तिला कारण द्या. नवरा दोनदा कैदेत पडलेला, पुढचं काय होईल माहीत नाही, आणि हाकेच्या अंतरावर गादी. या बाईला रात्री झोप कशी लागत असेल ते लिहा. तिच्या शेजारी रघुनाथरावांना त्यांच्या स्वतःच्या पापासकट उभं करा. सखारामबापूंना काय दिसत होतं आणि त्यांनी काय न दिसल्यासारखं केलं, तेही येऊ द्या.

तोपर्यंत निदान बोलताना तरी सांभाळा. कोणी मजकूर फिरवला तर सरळ म्हणा, मजकूर फिरवला. खाडाखोड केली म्हणा, बनावट केली म्हणा. मराठी एवढी गरीब नाही की एका बाईला दर वेळी फासावर चढवल्याशिवाय तिचं वाक्य पुरं होऊ नये.